ललितलेखन आणि संगीतश्रवण

कथा-कादंबरी लिहिताना लेखक संगीत ऐकत होता की नाही, ही गोष्ट बहुधा मुलाखतीच्या सदरात मोडते. लेखक कोणत्या वेळी लिहितो, टाकाने लिहितो की यंत्रावर, चहा किती वेळा घेतो, या कुतूहलाच्या पंक्तीत तिला बसवून समीक्षक पुढे जातो. निर्मितीची प्रक्रिया आणि निर्माण झालेली कृती यांत अंतर राखले पाहिजे, कृतीचे मूल्य तिच्या जन्मकथेवर टांगून ठेवू नये, हा दंडक योग्यच आहे. तथापि या एका सवयीच्या बाबतीत तो थोडा सैल करावा लागतो. गद्य लिहिले जात असताना ते लेखकाच्या आतल्या कानाला ऐकू येत असते, आणि संगीतालाही कानाचीच वाट आहे. चहाचा पेला वाक्याच्या जागेवर हक्क सांगत नाही, संगीत सांगते. दोन ध्वनिरूपे एकाच वेळी एकाच माणसाच्या ठायी वास करू लागली म्हणजे एक दुसऱ्याला आधार देते, झाकून टाकते, की त्याच्या जागी स्वतःच येऊन बसते, हा प्रश्न लेखकाच्या दिनचर्येचा राहत नाही. तो गद्याच्या स्वरूपाचा प्रश्न होतो.

ही सवय वाटते तितकी जुनी मात्र नाही. एकोणिसाव्या शतकातील कादंबरीकाराला लिहिता लिहिता संगीत ऐकावयाचे असते तर शेजारच्या दालनात कोणाला तरी वाजवावयास बसवावे लागले असते. ध्वनिमुद्रिका आली तेव्हाही ही अडचण लगेच दूर झाली नाही. गौहरजान यांचा आवाज कलकत्त्यात १९०२ साली मुद्रित झाला. परंतु मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती दहा इंची तबकडी सुमारे तीन मिनिटांत संपत असे. तीन मिनिटांत एखाद्या अडलेल्या वाक्याचा कर्तासुद्धा ठरत नाही. तेवढ्यात उठावयाचे, तबकडी उलटावयाची, सुई पाहावयाची, किल्ली द्यावयाची. अशा यंत्राच्या सोबतीने कादंबरी लिहिणाऱ्याने यंत्र तरी सांभाळावे किंवा कादंबरी तरी. रेडिओची गोष्ट निराळी होती. तो अखंड चाले, पण त्यावर काय लागावे हे लेखकाच्या हाती नसे, आणि दर दोन गीतांमध्ये निवेदक बोलत असे. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ मुदतीची तबकडी निघाली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली, १९७९ साली सोनीचा वॉकमन आला, आणि त्यानंतर संगीत कानाशीच, इतर कोणाला न ऐकवता, तासन् तास वाजते ठेवता येऊ लागले. संगीत लावून लिहिणे ही रूढ सवय बनली ती या साधनांच्या मागोमाग. याचा अर्थ असा की ‘संगीतमय गद्या’च्या जुन्या आदर्शांपैकी फारच थोडे गद्य प्रत्यक्ष वाजत्या संगीताच्या सोबतीने लिहिले गेले असेल.

साधनाइतकीच आणखी एक गोष्ट नव्याने शिकावी लागली, ती म्हणजे ऐकून न ऐकणे. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९२० साली पॅरिस येथे एका नाट्यप्रयोगाच्या मध्यंतरात घरातील सामानासारखे संगीत सादर करविले. खुर्चीकडे कोणी टक लावून पाहत नाही, तसे या संगीताकडे कोणी लक्ष देऊ नये, अशी त्याची इच्छा. वाद्ये वाजू लागताच मंडळी आपापल्या जागी परतून मुकाट्याने ऐकू लागली. साती बिचारा प्रेक्षकांमधून फिरत बोला, चाला, ऐकू नका म्हणून विनवीत राहिला. शंभर वर्षांपूर्वीच्या कानांना जे जमले नाही ते आजच्या कानांना सहज जमते. हिंदुस्थानी मैफिलीच्या संस्कारात वाढलेल्या रसिकाला मात्र ते आजही थोडे अवघड जाते. आपल्याकडे श्रोता हा गाण्याचा साक्षीदार नसून भागीदार असतो. समेवर त्याची मान हलते, एखाद्या जागेला त्याच्या तोंडून दाद जाते, आणि गायक त्या दादेवर पुढची जागा बांधतो. अशा श्रोत्याने विलंबित ख्याल लावून कथा लिहावयास घ्यावी, तर तो कथेशी तरी अप्रामाणिक होतो किंवा ख्यालाशी तरी. गाणे खरोखर चढू लागले की त्याची लेखणी थांबते. लेखणी थांबली नाही तर गाणे चढलेले नसते.

तरीही लेखक संगीत लावतात, आणि त्यांतील अनेकांना त्याचा उपयोग होतो. तो कशा प्रकारचा, हे पाहिले पाहिजे. अमेरिकन कादंबरीकार स्टीव्हन किंग याने लेखनकलेवरील आपल्या पुस्तकात (२०००) सांगितले आहे की तो मोठ्या आवाजातील रॉक संगीत लावून लिहितो, आणि ते त्याच्या दृष्टीने दार लावून घेण्याचाच एक प्रकार आहे. त्याच्या पसंतीची वाद्यवृंदमंडळे कर्कशतेबद्दल प्रसिद्ध आहेत. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. पण येथे संगीत ऐकण्यासाठी लावलेलेच नाही. ते भिंतीसारखे उभे केले आहे. पलीकडचा टेलिफोन, रस्त्यावरचे वाहन, घरातले संभाषण हे अनपेक्षित आवाज त्या परिचित आवाजाच्या मागे बुडून जातात. शंभर वेळा ऐकलेली तबकडी असल्यामुळे तिच्यात पुढे काय येणार हे कानाला ठाऊक असते, आणि ठाऊक असलेल्या आवाजाची कान विचारपूस करीत नाही. एकच ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा लावणारे लेखक बहुधा याच कारणासाठी ती लावतात. पुनरावृत्तीने संगीत झिजते आणि झिजून झिजून त्याची शांतता होते.

मार्सेल प्रूस्तने हेच काम बुचाकडून करून घेतले. पॅरिसमधील बूलव्हार ओसमान येथील आपल्या निजण्याच्या खोलीच्या भिंतींना त्याने १९१० साली बुचाची आवरणे बसविली आणि रस्त्याचा आवाज बंद केला. त्याच खोलीतून त्याने १९११ साली थिएत्रोफोन या यंत्रणेची वर्गणी भरली. दूरध्वनीच्या तारेवरून ऑपेरागृहातील प्रयोग घरबसल्या ऐकण्याची ती सोय होती. १९१६ साली तर त्याने पूले यांच्या तंतुवाद्यचतुष्काला रात्री घरी बोलावून सेझार फ्रांकची रचना आपल्या एकट्यासाठी वाजवून घेतली. त्याच्या कादंबरीत व्हँतय या काल्पनिक संगीतकाराचे जे संगीत आहे, त्यामागे अशा श्रवणाचा मोठा साठा आहे. पण बूच आणि चतुष्क यांची गल्लत त्याने केली नाही. ऐकण्याच्या वेळी तो डोळे मिटून ऐके, आणि लिहिण्याच्या वेळी भिंती बंद असत.

ही विभागणी केवळ स्वभावाची नव्हे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानसशास्त्राने बऱ्यापैकी स्पष्ट केले आहे. बॅडली आणि हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कार्यकारी स्मृतीची जी उपपत्ती मांडली, तिच्यात शब्द क्षणभर धरून ठेवणाऱ्या एका आंतरिक ध्वनिव्यवस्थेला महत्त्वाचे स्थान आहे. वाक्याचा आरंभ लिहून झाल्यावर त्याचा शेवट सापडेपर्यंत तो आरंभ मनात घोळवत ठेवावा लागतो; हे घोळवणे मुक्याने केलेले उच्चारणच असते. बाहेरून आलेले शब्द याच व्यवस्थेत घुसतात. सालामे आणि बॅडली यांच्या १९८९ सालच्या प्रयोगांत केवळ वाद्यसंगीतापेक्षा कंठसंगीताने शब्दस्मृती अधिक ढळते असे आढळले. शब्द कळत नसले म्हणजे बाधा टळते, हा समजही खरा नाही. कोल आणि वेल्श यांनी १९७६ सालीच जर्मन न जाणणाऱ्यांच्या कानांवर जर्मन उतारा पाडून पाहिला होता, आणि अर्थ न कळणाऱ्या त्या भाषेनेही स्मृतीचे नुकसान केले होते. २००१ साली रॅन्सडेल आणि गिलरॉय यांनी प्रत्यक्ष निबंधलेखनावर प्रयोग केला. पार्श्वभूमीला संगीत असताना लिहिण्याचा ओघ मंदावतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मोझार्टच्या संगीताने बुद्धी तल्लख होते, या १९९३ नंतर जगभर पसरलेल्या समजुतीचा मात्र येथे काही संबंध नाही. मूळ प्रयोग अवकाशविषयक कोड्यांचा होता, त्यातील परिणाम काही मिनिटेच टिकला, आणि पुढे अनेकांना तो पुन्हा दाखविता आला नाही.

या प्रयोगांतून निघालेली एक बाब भारतीय वाचकास विशेष वाटेल. एकसारखा राहणारा आवाज स्मृतीला फारसा अडवीत नाही. सतत बदलणारा आवाज अडवितो. तानपुरा हा नेमका पहिल्या प्रकारचा आवाज आहे. त्यात घटना घडत नाही. चार तारा त्याच क्रमाने छेडल्या जातात, जवारीमुळे स्वरांचे एक धूसर वलय तयार होते, आणि थोड्या वेळाने ते आहे की नाही याचाही विसर पडतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला नाट्यपद, भावगीत किंवा चित्रपटगीत आहे. त्यांत शब्द दर्शनी भागी उभे असतात आणि ते लेखकाच्याच भाषेतले असतात. या दोहोंच्या मध्ये ख्यालाची बंदिश येते, आणि तिची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. बंदिशीला शब्द आहेत, पण दोन-चार ओळींचे; तेच इतक्या वेळा उच्चारले जातात, त्यांची स्वरव्यंजने इतकी लांबविली जातात की अर्धा तास गेल्यावर त्यांचा अर्थ विरघळून केवळ आकार-इकार उरतात. ध्रुपदातील नोमतोम आणि तराणा यांनी तर अर्थाला आधीच रजा दिलेली असते. पाश्चात्त्य प्रयोगशाळेतील ‘सशब्द’ आणि ‘निःशब्द’ अशी काटेकोर फोड आपल्या संगीताला पूर्णपणे लागू पडत नाही. ठुमरी मात्र लेखकाने लिहिताना लावू नये. तेथे एकाच शब्दातून दहा अर्थ काढून दाखविण्याचा जो खेळ चालतो, तो कथाकाराच्या स्वतःच्या खेळाच्या फारच जवळचा आहे.

परंतु अडथळा आणि सोय एवढ्यावरच हा विषय संपता, तर तो मानसशास्त्राकडे सोपवून समीक्षेला मोकळे होता आले असते. खरा प्रश्न यापुढचा आहे: संगीताकडून गद्याला प्रत्यक्ष काही मिळते काय, आणि मिळत असेल तर काय?

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण व्हर्जिनिया वुल्फ हिचे आहे. १९२६ साली एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिने शैलीविषयी जे म्हटले त्याचा आशय असा: शैली म्हणजे सर्वस्वी लय; एखादे दृश्य, एखादी भावना मनात प्रथम एक लाट उठविते, शब्द त्यानंतर पुष्कळ वेळाने त्या लाटेवर येऊन बसतात, आणि लाट एकदा सापडली की चुकीचा शब्द वापरणे शक्यच होत नाही. ‘द वेव्ह्ज’ ही कादंबरी लिहीत असताना आपण कथानकाला धरून लिहीत नसून लयीला धरून लिहीत आहोत, असे तिने एथेल स्मिथ या संगीतकार मैत्रिणीला कळविले होते. वुल्फ दांपत्याच्या घरी ग्रामोफोन होता आणि संध्याकाळी बीथोव्हेन ऐकण्याचा परिपाठ होता. ती लिहीत असे सकाळी.

२२ डिसेंबर १९३० च्या रोजनिशीत तिने नोंद केली आहे की आदल्या रात्री बीथोव्हेनचे तंतुवाद्यचतुष्क ऐकता ऐकता कादंबरीचा शेवट कसा करावा हे तिला एकाएकी सुचले. विखुरलेले सारे बर्नार्ड या पात्राच्या शेवटच्या भाषणात एकवटावयाचे आणि एकाकीपणाला उद्देशून काढलेल्या उद्गाराने ग्रंथ संपवावयाचा. कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली. तिचा शेवटचा विभाग खरोखरच एकट्या बर्नार्डचे प्रदीर्घ स्वगत आहे. साही पात्रांची आयुष्ये त्याच्या आवाजात गोळा होतात. मात्र अखेरच्या उद्गारात एकाकीपणाच्या जागी मृत्यू आला आहे. यातून जे दिसते ते महत्त्वाचे आहे. त्या रात्री संगीताकडून तिला जी गोष्ट मिळाली तिचे दोन भाग होते, एक रचनेचा आणि दुसरा शब्दांचा. रचना टिकली, शब्द टिकले नाहीत. अनेक आवाज वेगवेगळे चालवून शेवटी एका आवाजात कसे आणावेत, हे चतुष्काने तिला दाखविले. कोणत्या शब्दावर थांबावे, हे त्याला दाखविता आले नाही. ते तिला सकाळी, कागदापुढे बसून, शोधावे लागले.

टोमास मानच्या बाबतीतही विभागणी अशीच आहे. ‘डॉक्टर फाउस्टुस’ या कादंबरीची जुळवाजुळव चालू असताना, १९४३ साली, कॅलिफोर्नियातील निर्वासित जीवनात आडोर्नोने त्याला बीथोव्हेनचा शेवटचा पियानो सोनाटा वाजवून दाखविला व त्याचे विवेचन केले. कादंबरीतील क्रेचमार या शिक्षकाच्या व्याख्यानात ते विवेचन उतरले आहे. ऐकणे झाले, समजून घेणे झाले, आणि मग लिहिणे.

ज्यांचे गद्य वाजत्या संगीताशी सरळ स्पर्धा करू पाहते, ते लेखक याहून वेगळे. जॅक केरुआकने ‘ऑन द रोड’चा एक संपूर्ण खर्डा एप्रिल १९५१ मध्ये सुमारे तीन आठवड्यांत, एकमेकांना जोडलेल्या कागदाच्या जवळजवळ १२० फूट लांब गुंडाळीवर टंकलिखित केला. विरामचिन्हांपेक्षा त्याला जॅझवादकाच्या श्वासाचे प्रमाण मान्य होते. फुंकर संपली की वाक्य संपले. हारुकी मुराकामी याने १९७४ पासून १९८१ पर्यंत टोकिओच्या परिसरात जॅझचे उपाहारगृह चालविले आणि पुढे, २००७ साली, आपण लेखनाविषयी जे काही शिकलो ते जवळजवळ सारे संगीताकडून शिकलो, असे लिहिले. तो आपल्या पहिल्या कादंबरीविषयी असेही सांगतो की जपानी वाक्यांना हवी ती चाल सापडेना, तेव्हा त्याने आरंभीचा भाग तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहून तो परत जपानीत आणला. ही दुसरी हकीकत पहिलीपेक्षा अधिक बोलकी आहे. वर्षानुवर्षे दिवसरात्र जॅझ ऐकलेल्या माणसालाही वाक्याची चाल आयती मिळाली नाही. ती त्याला भाषेशी झटापट करूनच मिळवावी लागली.

याचे कारण गद्याच्या लयीच्या स्वरूपात आहे, आणि मराठी समीक्षेत या शब्दाने बराच घोटाळा केला असल्यामुळे येथे थोडे थांबले पाहिजे. संगीतात लय म्हणजे गती: विलंबित, मध्य, द्रुत. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात लय हा शब्द संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी साधलेल्या सौंदर्यात्मक रचनेसाठी वापरला. त्या अर्थाने चित्रालाही लय असते आणि शिल्पालाही. साहित्याचे माध्यम मात्र त्यांनी ध्वनी मानले नाही. भावनात्मक अर्थ हेच ते माध्यम. आकाशवाणीत आयुष्याची अनेक वर्षे घालविलेल्या माणसाने शब्दाच्या नादाला साहित्याच्या दाराबाहेर उभे करावे, यात एक गमतीदार विसंगती आहे. पण त्यांच्या भूमिकेचा रोख कळतो. गोड नादाला साहित्य समजण्याच्या बाळबोधपणाला त्यांना आळा घालावयाचा होता. मर्ढेकरांचे म्हणणे जसेच्या तसे घेतले तर लेखकाच्या खोलीत काय वाजते याला काडीचेही महत्त्व उरत नाही. उलट वुल्फचे म्हणणे जसेच्या तसे घेतले तर अर्थाच्या आधी लय, म्हणजे संगीत जवळजवळ जन्मदाते ठरते.

वस्तुतः गद्याची लय या दोहोंच्या मध्ये कोठे तरी आहे. अर्थ वाचकापर्यंत ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने सोडला जातो, तो क्रम आणि तो वेग म्हणजे गद्याची लय. वाक्य लांबले की अर्थ अडून राहतो, अपेक्षा ताणली जाते. तुटले की अर्थ एकदम हाती पडतो. येथे नाद आहे, पण तो अर्थाच्या वेळापत्रकाला बांधलेला आहे. संगीताच्या काळाला असे बंधन नाही. म्हणून एकाचा काळ दुसऱ्याला सरळ उसना देता येत नाही.

मराठी वाक्याकडे पाहिले म्हणजे हे अधिक उघड होते. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते. कर्ता, कर्म, विशेषणे, क्रियाविशेषणे यांची रांग क्रियापदाकडे चालत जाते आणि तेथे वाक्य टेकते. हे टेकणे आणि तबलजीच्या ठेक्यातील सम यांचे साम्य सहज मनात येते. मुखडा समेकडे धाव घेतो, तसे वाक्य क्रियापदाकडे धाव घेते. पण साम्य येथेच संपते. त्रितालाची सम दर सोळा मात्रांनी ठरलेल्या जागी येते, आणि ती येणार हे ठाऊक असण्यातच तिचा आनंद आहे. गद्यातील वाक्ये जर ठरावीक अंतराने ‘होता’, ‘होती’, ‘होते’ यांवर येऊन आपटू लागली, तर तीन पानांत वाचक पेंगतो. ठेक्याच्या संगतीने मराठी गद्य लिहिणाऱ्याला हा धोका इंग्रजी लेखकापेक्षा जास्त आहे, कारण त्याच्या भाषेने त्याला आधीच एक सम देऊन ठेवली आहे. तो ठेका ऐकतो, त्याची वाक्ये नकळत त्यात बसू लागतात, आणि बसली म्हणून ती त्याला चांगली वाटतात.

ज्या मराठी गद्याने आपली चाल खरोखर नवी घडविली त्याचे मूळ मैफिलीत शोधून सापडत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीतील निवेदनाची लय बोलण्याची आहे; वाक्य संपले असे वाटत असतानाच त्याला आणखी एक शेपूट फुटते, आणि त्या शेपटात अनेकदा खरा टोला असतो. बखर, कीर्तन, महानुभावांची चरित्रे, ओटीवरच्या गप्पा ही मराठी गद्याच्या लयीची घराणी आहेत, आणि त्यांत कान तयार होतो तो माणसे ऐकून. कीर्तनात संगीत असतेच. परंतु तेथेही कीर्तनकार टाळ-मृदंग थांबवून गोष्ट सांगतो, आणि गोष्टीने श्रोता हळवा झाला की मगच पद उचलतो. कथन आणि गायन यांच्या सीमा त्याने शतकानुशतके सांभाळल्या आहेत.

या सीमा न सांभाळल्या तर काय घडते, हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग आहे. चित्रपटातील पार्श्वसंगीताचा अनुभव सर्वांना आहे. पडद्यावर एक स्त्री खिडकीपाशी उभी आहे, एवढेच दृश्य. पण खाली सारंगी वाजू लागताच ते विरहाचे दृश्य होते. दृश्याने जे कमावले नाही ते सारंगीने त्याच्या खात्यात जमा केले. लेखकाच्या खोलीत हेच घडते. मारव्याची व्याकुळता खोलीत भरून राहिलेली आहे, आणि लेखक लिहितो की ती खिडकीपाशी उभी होती. त्या वाक्यात त्याला सारा मारवा ऐकू येतो. त्याचे डोळे भरून येतात. आपल्या हातून काही उत्कट उतरले आहे, अशी त्याची खात्री पटते. यात लबाडी मुळीच नाही, भावना खरी आहे. परंतु वाचकाच्या हाती पडतो तो कागद. त्याच्या खोलीत मारवा नाही. त्याच्या खोलीत कदाचित शेजारच्या घरची शिट्टी वाजत असेल. त्याला एक स्त्री खिडकीपाशी उभी दिसते आणि तो पुढे जातो. लेखकाला दुर्लक्षित प्रतिभेची खंत वाटते, आणि समीक्षकाला त्या कथेत भावविवशता का जाणवते याचे उत्तर सापडत नाही. उत्तर असे असते की भावनेचा अर्धा भाग तबकडीवरच राहून गेला.

तेव्हा प्रथम लेखन आणि पुनर्लेखन यांत फरक करणे उपयुक्त ठरते. पहिल्या खर्ड्याच्या वेळी लेखकाला कधी कधी उसन्या धीराची गरज असते. कोऱ्या कागदाची भीती संगीताने कमी होते, बसल्या जागेवर तो तासभर अधिक बसतो, आणि ओघ मंदावला तरी बैठक वाढते. या सोयीला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण वाक्य उभे राहिले की त्याचे वजन शांततेतच करावे लागते. फ्लोबेर क्र्वासे येथील आपल्या घरी लिहिलेली वाक्ये मोठ्याने, अक्षरशः ओरडून म्हणत असे. छातीत अडणारे, श्वासाला न जुमानणारे वाक्य तो सदोष ठरवी. त्या खोलीत फ्लोबेरच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज असता तर ही परीक्षा झाली नसती. निर्मल वर्मा यांच्या ‘परिंदे’ या हिंदी कथेत ह्यूबर्ट पियानोवर शोपँ वाजवितो. ते संगीत वाचकाला ऐकू येते, कारण ते कथेच्या आत, शब्दांनीच निर्माण केलेले आहे. लेखकाच्या खोलीत त्या वेळी काही वाजत होते किंवा नव्हते, याचा पत्ता त्या पानांवरून लागत नाही, आणि लागत नाही हेच त्या गद्याचे यश आहे.

संगीताची जागाच गद्याने घ्यावी, असा प्रयत्न एकदा फार मोठ्या ताकदीने झाला. जेम्स जॉइस स्वतः उत्तम गात असे. तरुणपणी गायक होण्याचा विचारही त्याने केला होता. ‘युलिसीझ’मधील ‘सायरन्स’ हे प्रकरण त्याने १९१९ साली पूर्ण केले आणि त्याची रचना फ्यूगच्या धर्तीवर आहे असे सांगितले. आरंभी पुढे येणाऱ्या वाक्यांचे तुकडे पूर्वरंगासारखे ओळीने मांडलेले आहेत. नंतर मद्यगृहातील गाणी, नाणी, चाबूक, घोड्यांच्या टापा हे आवाज एकमेकांत मिसळत जातात. ते फ्यूग आहे की नाही यावर समीक्षक अद्याप एकमत झालेले नाहीत, आणि होणे कठीणच आहे. फ्यूगमध्ये अनेक आवाज एकाच क्षणी ऐकू येतात, तर शब्द एकामागून एकच येऊ शकतात. जॉइसने हे जाणूनच शब्दांना त्यांच्या मर्यादेपर्यंत ताणले. त्याची किंमत त्याला निराळ्या ठिकाणी द्यावी लागली. प्रकरण संपल्यावर त्याने कळविले की आता कोणतेही संगीत त्याला ऐकवत नाही. त्यातील सगळ्या युक्त्या त्याला दिसू लागल्या होत्या. ही अवस्था कायमची नव्हती. दहा वर्षांनी, १९२९ साली, पॅरिसमध्ये जॉन सलिव्हन या आयरिश गायकाचा आवाज त्याच्या कानी पडला, आणि त्यानंतर ‘गियोम तेल’ या ऑपेराच्या प्रयोगांना हा अर्धांध लेखक पुन्हा पुन्हा जाऊन बसू लागला, ओळखीच्या प्रत्येकाला बरोबर नेऊ लागला.